सायीवरचा हात

निमगाव केतकीतल्या निम्म्या माणसांनी या जगात आल्यावर मुठीत धरलेली पहिली वस्तू म्हणजे साखरबाईचं बोट. हे अर्थातच त्यांच्यापैकी कुणालाही आठवत नाही, साखरबाईला मात्र सगळे आठवतात. पतसंस्थेच्या काउंटरमागं ऐटीत बसणारा तो साहेब अंगावर पाणी पडलं की निळा पडेस्तोवर रडायचा. गावच्या राजकारणात ज्याच्यापुढं बोलायची कुणाची टाप नाही, तो तिच्या पायांवर पालथा पडल्या पडल्या झोपून जायचा. बाजारात असली माणसं समोरून आली की ती पदराआड हसते आणि ती माणसं उगीचच शर्ट नीट करतात.

तिचं काम बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालण्याचं. घरचा पानमळा होताच. पण कुणाची लेक बाळंतपणाला माहेरी आली की सकाळी साखरबाईला बोलावणं यायचं. आधी आईचं अंग तेलानं रगडायचं, मग बाळाचं. पाय लांब करून ती पाटावर बसायची, बाळाला नडग्यांवर पालथं घालायची आणि ऊन ऊन पाण्याचे तांबे ओतायची. अंग पुसून, धुरी देऊन, दुपट्यात गुंडाळून झालं की शेवटी आपलं मधलं बोट त्याच्या मुठीत सरकवायची. बाळानं ते आवळून धरलं की म्हणायची, "झालं गं बाई." पकड बसेपर्यंत ती तिथून उठायची नाही. तोवर तिच्यासाठी ठेवलेला चहा निवून जायचा.

ही विद्या तिच्या सासूची, प्रयागबाईची. साखरबाई डाळजहून लग्न होऊन आली तेव्हा तिची बोटं बघून प्रयागबाईनं कपाळाला हात लावला होता. मग वर्षभर तिला घरादाराचं पीठ मळायला लावलं आणि वर रोज संध्याकाळी स्वतःचे पाय चेपून घेतले. "जोर हाडाला कळला पायजे," ती म्हणायची. "कातडीला कुरवाळून काय व्हतंय?" हळूहळू साखरबाईचा हात झाला. बाळंतिणी तिच्या हाताखाली कण्हायच्या, दातओठ खायच्या, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या आणि मग दुपारपर्यंत मेल्यासारख्या झोपायच्या. जड हाताची बाई म्हणून आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांत तिचं नाव झालं. ते नाव आपल्याला पाटल्यांपेक्षा जास्त शोभतं, असं तिचं स्वतःचं मत होतं.

तोच हात घरात नडला.

राजेश्वरी ही तिची सून, गोकुळची बायको. तोंडानं अबोल, पण हाताची चलाख. पानमळ्यात तिच्यासारखं पान कुणी खुडत नसे. अंगठ्यात पत्र्याची नखी घालून ती वेलांच्या सावलीत शिरायची. विड्याचं पान जरा दाबलं गेलं तरी काळं पडतं, त्यामुळं ते देठाला धरून अलगद उचलावं लागतं. राजेश्वरीच्या चळतीत डागाचं पान सापडायचं नाही. पानमळ्यात भर दुपारीही हिरवा अंधार असतो, पायाखाली ओल असते. त्या हिरव्या उजेडात ती एकटीच काहीतरी गुणगुणत हिंडायची. घरात तोंड न उघडणारी ही पोर तिथं गाते, हे फक्त साखरबाईला ठाऊक होतं. ती ते कुणाला सांगत नसे, कारण सांगितलं तर पोर लाजून गाणं बंद करील अशी तिला भीती वाटायची.

दोन वर्षांपूर्वी राजेश्वरीला उजव्या बाजूला स्तनाचा कॅन्सर निघाला. पुण्यात ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, पुढची औषधं झाली, केस गेले आणि केस आले. घर पुन्हा श्वास घेऊ लागलं. आणि मग दिवाळीच्या सुमारास तिचा उजवा हात भरायला लागला. आधी अंगठी निघेना. मग पोलक्याची बाही उसवावी लागली. मग मूठ वळेना. नखी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकली ती अडकलीच.

पुण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, हात सुजला तर ताबडतोब दाखवा. पण पानांच्या तोडीचे दिवस होते, आणि मुख्य म्हणजे घरात साखरबाई होती. जिच्या हाताखाली सगळं गाव जातं, तिच्याच सुनेनं नुसत्या सुजेसाठी दवाखान्याची पायरी चढायची? हे गोकुळला पटलं नाही, शेजारणींना पटलं नाही आणि साखरबाईला तर मुळीच पटलं नाही.

अंगणात उन्हाला बसून तिनं तिळाचं तेल कोमट केलं. विटेचा तुकडा तापवून, फडक्यात बांधून शेक दिला. मग राजेश्वरीचा हात मांडीवर घेऊन बोटांपासून खांद्याकडं असा काही रगडला, की प्रयागबाई असती तर तिनं पाठ थोपटली असती. साखरबाईच्या मनात सगळं सरळ होतं. पाणी अडलंय, तर जोर लावून वर ढकलायचं. राजेश्वरीनं पदराचा बोळा दातात धरला होता. पुढच्या एकदोन दिवसांत हात जरा हलका वाटतोय असंही ती म्हणाली. खरंच वाटला म्हणून म्हणाली की सासूला बरं वाटावं म्हणून, कोण जाणे. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तो हात लालभडक झाला, तव्यासारखा तापला आणि राजेश्वरीला हुडहुडी भरली. गोकुळनं गाडी काढली आणि बारामती गाठली.

तिथल्या डॉक्टरांनी कातडीखाली जंतुसंसर्ग झाल्याचं सांगितलं, डाव्या हाताला सलाईन लावलं आणि विचारलं, "मालिश कुणी केली?" गोकुळ पंख्याकडं बघायला लागला. राजेश्वरीनं डोळे मिटून घेतले. "म्या," साखरबाई म्हणाली. डॉक्टर रागावले नाहीत. "मावशी, तुमचा हात चांगलाच असेल," ते म्हणाले, "पण या हाताला तो सोसायचा नाही. इथं शेक नको आणि जोरही नको."

घरी परत आल्यावर राजेश्वरी खाटेवर टेकली आणि एवढंच म्हणाली, "आत्या, आता मला हात नका लावू."

आवाजात राग नव्हता. असता तर साखरबाईनंही चार शब्द सुनावले असते, दोन दिवस अबोला झाला असता आणि मग कुणीतरी चहा पुढं केला असता. इतक्या वर्षांत दोघी अशाच भांडल्या आणि अशाच मिटवल्या होत्या. पण या वेळी पोर मऊ आवाजात बोलली आणि तिनं हात पदराखाली घेतला. त्या दिवसापासून साखरबाई नुसती जवळून गेली तरी ती तो हात पोटाशी धरायची. साखरबाईला ते फार लागलं. ज्या हातांत लोकांनी आपली तान्ही लेकरं निर्धास्त दिली, ते हात आता स्वतःच्या घरात कुठं ठेवावेत हे तिला कळेना. ती ते कमरेशी खोचून फिरायची, नाहीतर उगीच भांडी घासत बसायची.

ताप उतरला, लाली गेली, सूज मात्र राहिली. मग डॉक्टरांनी राजेश्वरीला दवाखान्यातल्याच फिजिओथेरपिस्टकडं सोपवलं. निकिता तिचं नाव. काही आठवडे रोज यायचं होतं. गोकुळ पहाटेच पानं घेऊन बाजाराला जायचा, त्यामुळं सोबतीला साखरबाईच उरली. राजेश्वरीनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. एसटीत खिडकीशी ती बसायची, मधे पिशवी, आणि पिशवीच्या अलीकडं साखरबाई.

पौषातल्या त्या सकाळी धुक्यानं भरलेल्या असायच्या. उसाला तुरे आले होते आणि धुक्यातून नुसते तुरेच वर दिसायचे, खालचं रान कुणीतरी काढून नेल्यासारखं. कालव्यावरून वाफ उठायची. कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या गाड्या आडव्या आल्या की एसटी थांबायची, आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बसलेल्या साखरबाईला ती थांबलीय की चाललीय हे कळायचं नाही. कधी वाटायचं आपण अजून डाळजचीच पोर आहोत आणि ही खिडकीतली कुणीतरी आपली आई आहे. मग बारामतीच्या स्टँडवर कंडक्टर ओरडायचा आणि ती पिशवी उचलायची.

निकिताच्या खोलीला हिरवे पडदे होते. आत शिरल्यावर साखरबाईला पानमळ्याचीच आठवण आली. निकितानं हात धुतले, कोरडे केले. तेलाचा पत्ता नव्हता. राजेश्वरीला उताणं झोपवून पोटात खोल श्वास घ्यायला लावला आणि तिच्या गळ्याच्या हाडांमागच्या खळग्यांत बोटं टेकवून ती कातडी नुसती हलकेच सरकवू लागली. मग डावी काख. मग छातीवरून पलीकडं. मग कुशीवरून खाली जांघेकडं. सुजलेला हात आपला शेजारी उशीवर पडलेला. साखरबाई स्टुलावर बसून वाट बघत होती, ही बाई कामाला कधी लागणार? शेवटी तिला राहवेना.

"ताई, सूज हाताला हाय," ती म्हणाली, "आन् तुमी मानेवरची माशी उडवताय."

निकिता हसली. चांगली पोरगी होती, प्रश्नाचा राग मानणारी नव्हती. हात न थांबवता ती सांगू लागली, "मावशी, आपल्या अंगात रक्ताशिवाय आणखी एक पाणी फिरत असतं. त्याला लसीका म्हणतात. रक्ताला ढकलायला हृदय आहे, या पाण्याला तसं कुणी नाही. श्वासानं, अंगाच्या हालचालीनं ते आपलं सावकाश सरकत राहतं. हातातलं पाणी जायचं ते काखेतल्या गाठींतून. त्या गाठी ऑपरेशनमध्ये काढाव्या लागल्या. मग ते तुंबलं. आता त्याला दुसऱ्या वाटा दाखवायच्या आहेत, मानेकडं, पलीकडच्या काखेकडं, खाली जांघेकडं. पण आधी त्या वाटा मोकळ्या करायच्या. हात सगळ्यात शेवटी."

साखरबाईनं ते मनात ताडून बघितलं. मग म्हणाली, "म्हंजी चराचं तोंड आदी उकरायचं."

"कसलं तोंड?" निकितानं विचारलं.

उत्तर आलं ते खाटेवरून, मिटल्या डोळ्यांनी. "आमच्या मळ्याची खालची बाजू चिबाड झालती," राजेश्वरी म्हणाली. "पाणी साचून वेल पिवळं पडाया लागलं. ह्यांनी वरनं चर खांदायला घेतला, तर समदं पाणी खाली येऊन तुंबलं. मग आत्या म्हणाल्या, आदी वढ्याच्या अंगानं खांदा."

कितीतरी दिवसांनी तिनं साखरबाईचं अर्धं वाक्य पुरं केलं होतं. साखरबाईनं तिच्याकडं बघितलं नाही, बघितलं तर पोर पुन्हा मिटून जाईल म्हणून.

"अगदी तसंच," निकिता म्हणाली. "आणि या वाटा कातडीच्या अगदी खाली असतात, फार नाजूक. जोरानं दाबलं की मिटतात. तुम्ही पाणी ढकलत होता, पण वाट तुमच्याच हाताखाली बंद होत होती."

हे ती दोष द्यायला बोलली नव्हती.  तरी साखरबाई मांडीवर पडलेल्या आपल्या तळव्यांकडं बघत राहिली. या तळव्यांना प्रयागबाईनं एवढं सगळं शिकवलं आणि ही एक गोष्ट तेवढी सांगायची राहून गेली, असं तिला वाटलं. प्रयागबाईला तरी कुठं ठाऊक होती म्हणा.

त्यानंतर रोज ती बघत राहिली. निकिताची बोटं कातडी सरकवायची, क्षणभर थांबायची, सोडायची. पुन्हा सरकवायची, थांबायची, सोडायची. त्यात घाई नव्हती, आवाज नव्हता. राजेश्वरीचा श्वास लांब होत जायचा आणि तिच्या कपाळावरची आठी हळूच उलगडायची. मग त्या हातावर थरावर थर पट्ट्या बांधल्या जायच्या, बोटांपासून खांद्यापर्यंत, आणि पट्ट्या बांधलेल्या हातानं थोडा व्यायाम. बघता बघता मनगट मनगटासारखं दिसू लागलं. एके दिवशी पट्टी सोडल्यावर हाताच्या पाठीवर बोटांची पेरं वर आलेली दिसली. "आली का गं वर!" साखरबाई बोलून गेली. राजेश्वरी त्या पेरांकडं बघून चक्क हसली.

तेव्हा निकितानं सांगितलं, की हा आजार मुळापासून जात नाही, आवाक्यात ठेवावा लागतो. इथलं रोजचं येणं आता संपेल. पुढं घरी रोज हेच करायचं, पट्ट्या बांधायच्या, हाताला जखम होऊ द्यायची नाही. घरातल्या कुणीतरी शिकून घेतलं तर बरं.

साखरबाई स्टुलावर पुढं सरकली.

"आमच्या ह्यांना शिकवा," राजेश्वरी म्हणाली. तिनं मान वळवली नव्हती.

गोकुळ आला, मन लावून शिकला. बायकोवर त्याचा जीव होता, पण हात औताचे, आणि मन कायम बाजाराच्या वेळेवर. घरी खाटेपाशी बसला की मानेपासून कोपरापर्यंत तो असा पोचायचा जणू मागं कुणी लागलंय. कधी पानांची गाडी लवकर निघायची आणि तेवढंही राहून जायचं. त्यानं बांधलेली पट्टी दुपारपर्यंत सैल होऊन कोपराशी गोळा व्हायची. राजेश्वरी डाव्या हातानं स्वतः करू बघायची, पण दमून सोडून द्यायची. वर आलेली पेरं पुन्हा बुडायला लागली. खिळ्यावरच्या नखीकडं ती आता बघायचीही बंद झाली, आणि साखरबाईला सगळ्यात जास्त भीती त्याच गोष्टीची वाटली.

पुढच्या वेळी बारामतीला गेल्यावर राजेश्वरी आत डॉक्टरांकडं असताना तिनं निकिताला गाठलं. "मला शिकवा," ती म्हणाली. "ती लावू दील न लावू दील. शिकवा तर."

निकितानं बाही सारून स्वतःचा हात पुढं केला. साखरबाईनं जपून बोटं टेकवली.

"हलकं करा."

साखरबाईनं हलकं केलं.

"अजून हलकं. मावशी, अजून."

"ह्याच्यापरीस हलकं म्हंजी हात लावायचाच न्हाय की."

"जवळजवळ तसंच," निकिता म्हणाली. "वरची कातडी सरकली पाहिजे, खालचं मांस हलता कामा नये. आणि सोडल्यावर ती आपण होऊन मागं येते, तेवढा वेळ तिला द्या."

परतीच्या एसटीत साखरबाईची बोटं समोरच्या सीटच्या दांडीवर गोल गोल फिरत होती. "मावशी, मोबाईल घरी विसरला काय?" कंडक्टरनं विचारलं. तिचं लक्ष बोटांकडंच होतं. वरची कातडी, खाली पाणी, आणि कातडी फाटता कामा नये. असं घरात काय असतं?

ते तिला दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सापडलं. आदल्या दिवशीचं तापवलेलं दूध पातेल्यात निवून पडलं होतं आणि त्यावर जाड साय धरली होती. साखरबाईनं हात स्वच्छ धुतले, पातेल्यासमोर मांडी घातली आणि तीन बोटांची टोकं सायीवर टेकवली. साय सरकवायची, पण फाटू द्यायची नाही. ती लगेच फाटली. दुसऱ्या सकाळी फाटली, तिसऱ्या सकाळीही फाटली. बोटांत प्रयागबाई बसलेली होती, ती उठायला तयार नव्हती.

पण साखरबाई रोज बसायची. घर झोपलेलं असायचं, खिडकीत धुकं टेकलेलं असायचं, आणि सायीकडं बघता बघता तिचे डोळे जड व्हायचे. मग तिला डाळज दिसायचं. ती लग्नाआधीची पोर होती तेव्हा धरणाचं पाणी पहिल्यांदा त्यांच्या शिवारात आलं. सगळ्यांना वाटलं होतं, नदीला पूर येतो तसं गर्जत येईल. ते आलेलं कुणाला कळलंच नाही. सकाळी बांध नुसता ओला झाला होता, आणि दुपारी भुईमुगाच्या सऱ्यांत आभाळ दिसायला लागलं. ती फ्रॉकची कड धरून बांधावर उभी होती आणि पाणी तिच्या अंगठ्यापाशी येऊन थांबलं होतं. आवाज नाही, धक्का नाही, आणि तरी त्यानं तिच्या आज्याचं घर उचलून वरच्या माळावर नेलं. पुढं त्याच पाण्याच्या कडेला हिवाळ्यात लांब पायांचे रोहित पक्षी उतरायला लागले. गुलाबी थवेच्या थवे. त्या पातळ चिखलात ते असे पाय टाकायचे की ठसा उमटायच्या आधीच मिटून जायचा. साखरबाईला पातेल्यावर वाकलेली असताना ते पाय दिसायचे. आपली बोटं कुठली आणि ते पाय कुठले, हे तिचं तिलाच उमगत नसे.

अशाच एका सकाळी बोटांखालची साय सरकली. थांबली. तिनं बोटं सैल सोडली आणि साय आपण होऊन जागेवर आली, कुठं सुरकुती नाही. साखरबाईनं पुन्हा सरकवली. पुन्हा आली.

"आज फाटली न्हाय," मागून आवाज आला.

राजेश्वरी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, सैल पट्टीचा हात पोटाशी धरून.

"कवापासनं हुबी हाईस?"

"रोजच असती. पैल्या दिवशी फाटकी साय बगून वाटलं मांजर शिरलं. म्हणून दुसऱ्या दिवशी मांजराला धरायला आले." ती जरा थांबली. "तुमी एवढं डोळं मिटून काय बगता त्यात?"

"डाळजचं पाणी," साखरबाई म्हणाली. दुसरं काही तिला सुचलं नाही.

राजेश्वरीनं चटई ओढली आणि तिच्यासमोर बसली. डाव्या हातानं पट्टी उलगडली, मग उजवा हात उचलला, भरलेल्या घागरीसारखा सावकाश, आणि साखरबाईच्या मांडीवर ठेवला.

 साखरबाईनं त्या हाताला बोट लावलं नाही. "आडवी हो," ती म्हणाली. "श्वास घे. पोटात घे." आणि गळ्याच्या हाडांमागच्या खळग्यांत तिनं बोटं टेकवली, जितकी सायीवर टेकवायची तितकीच. राजेश्वरी सुरुवातीला अंग चोरून पडली होती. साखरबाईला ते बोटांच्या टोकांना कळत होतं. तिनं घाई केली नाही. पलीकडची काख, छाती, कूस. सरकव, थांब, सोड. वढ्याच्या अंगानं आधी. हात सगळ्यात शेवटी आला तोवर खिडकीतलं धुकं वर चढलं होतं आणि राजेश्वरीचे खांदे चटईला टेकले होते.

त्या एका सकाळीनं हात काही उतरला नाही. असल्या गोष्टी एका सकाळीत होत नाहीत. पण मग ती रोजची सकाळ झाली. पट्ट्याही साखरबाईच बांधायला लागली. बाळंतिणींची पोटं बांधलेली बाई ती, एकदा निकितानं ताण किती द्यायचा ते दाखवल्यावर तिच्या पट्टीची काय बिशाद होती सुटायची. गोकुळनं सुटकेचा श्वास टाकला आणि बाजाराला निघून गेला. दोघी फार बोलत नसत. कधी राजेश्वरी डोळे मिटून अर्धवट झोपेत जायची, कधी साखरबाईच. एक मात्र होतं. संपलं की साखरबाई मुकाट्यानं पट्टी घ्यायची. "झालं गं बाई" हे शब्द तिनं या हातापाशी कधी उच्चारले नाहीत. ते म्हणायचा आपल्याला हक्क उरला नाही, असं तिला आतून वाटायचं.

माघ सरला. उन्हं चढायला लागली, पानमळ्याला पाणी जास्त लागू लागलं. हाताच्या पाठीवरची पेरं पुन्हा वर आली आणि या वेळी तिथंच राहिली. अशाच एका सकाळी गॅसवर दूध ठेवून साखरबाई चटईवर बसली होती. मान झाली, काख झाली, कूस झाली, दंड झाला, मनगट झालं. राजेश्वरी डोळे मिटून पडली होती. ओसरीवर चिमण्या बोलत होत्या. साखरबाई कुठंतरी दूर होती, डाळजच्या बांधावर असेल नाहीतर कुणाच्या न्हाणीत. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं, तिला कळायच्या आत, तिचं मधलं बोट राजेश्वरीच्या तळव्यात सरकलं.

ती दचकली. लाजली. बोट काढून घेणार, तेवढ्यात राजेश्वरीची करंगळी हलली. मग तिच्या शेजारचं बोट वाकलं, मग मधलं. अंगठा सावकाश वरून आला. गेल्या दिवाळीपासून न मिटलेली ती मूठ साखरबाईच्या बोटाभोवती मिटली. तान्ह्या लेकरासारखी घट्ट नाही, पण मिटली. राजेश्वरीचे डोळे अजून बंदच होते.

"आज म्हणणार न्हाय व्हय?" तिनं विचारलं.

 गॅसवर दूध पातेल्याच्या काठाला आलं होतं.

"सोड गं," साखरबाई कसंबसं म्हणाली. "दूध उतू चाललंय."

"जाऊ द्या, आत्या."

"झालं गं बाई," साखरबाई म्हणाली. दूध शेगडीवरून खाली आलं, ओट्यावर पसरलं. मूठ काही सुटली नाही, आणि साखरबाईनंही बोट ओढलं नाही.